पेडणें आणि स्टर्नम : एका अनुस्वाराची कुळकथा

आम्हा डॉक्टरांचा निम्मा शब्दसंग्रह प्रत्ययांवर उभा आहे. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की दाह, 'ओमा' आले की गाठ, 'एक्टमी' आले की काढून टाकणे आणि 'आल्जिया' आले की वेदना, हे समीकरण वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून कानात मुरलेले असते. अवयवाचे नाव आणि त्याला चिकटलेले शेपूट, एवढ्यावर अर्धे निदान उलगडते. पण या शेपटांनाही स्वतःचा इतिहास असतो. 'आयटिस' या मूळच्या ग्रीक प्रत्ययाचा अर्थ दाह असा नव्हताच. तो नुसता विशेषण करणारा प्रत्यय होता. 'आर्थ्रायटिस' म्हणजे 'सांध्यांचा', आणि त्यापुढे 'नोसोस', म्हणजे रोग, हा शब्द अध्याहृत. पुढे रोग हा शब्द गळून पडला, विशेषण तेवढे उरले, आणि कालांतराने वैद्यकाने त्याला दाहाचा अर्थ दिला.

आज मला अशाच एका प्रत्ययाविषयी लिहायचे आहे. तो पाठ्यपुस्तकात नाही. तो आपल्या गावांच्या पाट्यांवर आहे. माझे जन्मगाव पेडणे तालुक्यात आणि दवाखाना डिचोली तालुक्यात. त्यामुळे गेली अनेक वर्षे या दोन तालुक्यांतील गावांची नावे मी केसपेपरवर लिहीत आलो आहे. पेडणे, मांद्रे, चोपडे, पार्से, तुये, तोर्से, तांबोसे, उगवे, कासारवर्णे. इकडे मये, कुडणे, वेळगे, बोर्डे, मेणकुरे, लाटंबार्से. देवनागरीत ही सारी नावे 'ए'काराने संपतात. रोमन लिपीत मात्र या प्रत्येक नावाच्या शेवटी 'एम' हे अक्षर उभे असते. हे अक्षर कोठून आले? ते आपले की परके? आणि आज त्याचे आपण काय करून ठेवले आहे?

डॉक्टराने व्याकरणाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्यावर उत्तर आपल्याच मातीत आहे. मांद्रे गावातून मुंबईला गेलेले डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होते. कुष्ठरोगावरील उपचारांचा शोध घेणाऱ्या याच हातांनी प्राचीन शिलालेखांचे ठसे घेतले आणि वाचले. झिजलेले अक्षर आणि झिजलेली नाडी या दोहोंसाठी सावध बोट लागते, असे त्यांच्या चरित्राकडे पाहून वाटते.

ओठ न मिटणारा 'म'

प्रथम उच्चाराकडे पाहू. इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा पाटीवरचे नाव वाचतो तेव्हा 'पेर्नेम' म्हणतो आणि शेवटी ओठ मिटतो. त्याच मुलाची आजी 'पेडणें' म्हणते. तिचे ओठ मिटत नाहीत. आवाज नाकात किंचित घुमतो आणि थांबतो. शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दोघांचीही मृदुतालू खाली येते आणि हवेला नाकाची वाट मोकळी होते. मुलगा ओठ मिटून तोंडाची वाट बंद करतो, आजी ती उघडी ठेवते. मुलाने उच्चारले ते 'म' हे व्यंजन, आजीने उच्चारला तो अनुनासिक स्वर. देवनागरीने त्यासाठी एक टिंब ठेवले होते. ते येथे स्पष्ट दिसावे म्हणून उच्चार दाखवायचा असेल तेथे मी 'पेडणें' असे लिहीत आहे.

कोणाला पडताळा पाहायचा असेल तर कान-नाक-घशाच्या तपासणीतील साधी युक्ती वापरावी. थंड आरसा नाकपुड्यांखाली धरावा आणि 'चोपडे' व 'चोपडें' असे दोन उच्चार करावेत. दुसऱ्या वेळी आरशावर वाफ धरते, पहिल्या वेळी धरत नाही. 'पेडणें' या शब्दावर हा प्रयोग करू नये; कारण 'ण' स्वतःच नाकातला असल्याने आरसा दोन्ही वेळा ओला होतो.

आता पोर्तुगीज लेखणीकडे वळू. पोर्तुगीज भाषेत शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'एम' ओठ मिटून म्हणायचा नसतो. तो आधीच्या स्वराला नाकात न्यायची खूण असतो. म्हणजे त्यांचा अनुस्वारच. माणूस या अर्थाचा त्यांचा 'ओमेम' किंवा बाग या अर्थाचा 'जार्दिम' हे शब्द असेच अनुनासिक स्वरावर संपतात. येशूचे जन्मस्थान बेथलेहेम. त्यात खराखुरा 'म' आहे. पण पोर्तुगीज तोंडात त्याचे 'बेलेम' झाले आणि अखेरचा 'म' विरघळून नुसता नाकातला स्वर उरला. लिस्बन शहरात टॅगस नदीच्या काठी याच नावाचा भाग आहे, आणि वास्को द गामाचा तांडा १४९७ मध्ये तेथूनच हिंदुस्थानच्या दिशेने निघाला.

पेडणे आणि डिचोली हे तालुके सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले आणि 'नव्या काबिजादी'त गणले गेले. तोवर तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतील नावे लिहिण्याचा पोर्तुगीज लेखनिकांना सुमारे अडीच शतकांचा सराव झाला होता. त्यांनी आपल्या लोकांच्या तोंडून 'पेडणें' ऐकले. मधला 'ड' त्यांना त्यांच्या हलक्या 'र'सारखा वाटला, जसा मडगावातला किंवा कुडतरीतला वाटला होता. आणि अखेरचा नाकातला स्वर त्यांनी आपल्या रीतीने 'एम' लावून टिपला. म्हणजे लेखनिकाने नावाला काही चिकटवले नाही. जे कानावर पडले तेच त्याने नोंदवले. लेखणी परकी होती. अनुस्वार आपला होता.

हीच रीत छापील ग्रंथांतही होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये तेथेच निघाले. आजही रोमी कोंकणीत 'केलें', 'बरें' अशा शब्दांच्या अखेरीस 'एम' लिहितात आणि वाचणारा तो अचूक नाकात वाचतो. वाचनाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना हे अक्षर कधीच फसवत नाही.

तीन भावंडे

हा अनुस्वार आपल्या तोंडात कोठून आला, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते. संस्कृतात अकारान्त नपुंसकलिंगी नामाचे प्रथमेचे एकवचन 'अम्'ने होते : फलम्, वनम्, युगम्. लॅटिनमध्ये अशाच नामांना 'उम्' लागतो आणि ग्रीकमध्ये 'ओन्'. ही तिन्ही एकाच आदिम इंडो-युरोपीय 'ओम्' या प्रत्ययाची रूपे आहेत. ग्रीकांनी शब्दान्तीच्या 'म'चा 'न' केला, एवढाच फरक.

हे आपल्याला नवे नाही, फक्त आपण त्याकडे या नजरेने पाहत नाही. शरीररचनाशास्त्राचे पुस्तक उघडावे. स्टर्नम, क्रेनियम, सेरेब्रम, सेक्रम ही लॅटिन वळणाची नपुंसकलिंगी नामे. गँग्लियन हे ग्रीक वळणाचे. स्टर्नम मुळात ग्रीकांचे 'स्टेर्नोन' आणि क्रेनियम त्यांचे 'क्रानियोन'. रोमन लोकांनी ते शब्द घेताना 'ओन्'च्या जागी आपला 'उम्' बसवला. बॅक्टेरियमचे अनेकवचन बॅक्टेरिया का, गँग्लियनचे गँग्लिया का, याचेही उत्तर या नपुंसकलिंगातच आहे. वैदिक संस्कृतातही 'युगम्'चे अनेकवचन 'युगानि' याबरोबरच 'युगा' असे होत असे.

'युगम्' हा शब्द तर या कुळाचा उत्तम साक्षीदार आहे. त्याचा एक अर्थ बैलांच्या मानेवरचे जोखड. लॅटिनमध्ये तेच 'युगुम्' आणि ग्रीकमध्ये 'झुगोन्'. लॅटिन शब्दापासून गळ्याच्या व गळपट्टीच्या भागाचे नाव निघाले आणि त्यातून आपली 'ज्युग्युलर' शीर आली. ग्रीक शब्दापासून गालाच्या हाडाचे 'झायगोमा' हे नाव आले, कारण ते कवटीच्या दोन भागांना जोखडासारखे जोडते. 'झायगोट'ही त्याच घराण्यातला. आणि आपल्याकडे? संस्कृत 'युगम्'चे मराठीत झाले 'जूं'. पेडण्याच्या शेतात नांगर जोडणारा शेतकरी ज्याला 'जूं' म्हणतो, त्यावरचा अनुस्वार आणि 'युगुम्'चा 'म' हे एकाच आजीचे नातू आहेत.

रोमन लोकांच्या तोंडीही हा 'म' पुरता टिकला नव्हता, ही आणखी एक मौजेची गोष्ट. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील क्विंटिलियन या वक्तृत्वशास्त्राच्या आचार्याने नोंदवले आहे की, पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर असेल तर आधीच्या शब्दाच्या अखेरचा 'म' लिहिला जातो खरा, पण जवळजवळ उच्चारला जात नाही. संस्कृतात पाणिनीने पदान्तीच्या 'म्'चा व्यंजनापूर्वी अनुस्वार सांगितला. दोन देशांत, दोन भाषांत, त्याच अक्षराने ओठ मिटणे सोडले आणि ते नाकाकडे वळले. पुढे लॅटिनच्या लेकीबाळींनी तो नाद टाकलाच. अंडे या अर्थाचा 'ओवुम्' पोर्तुगीजमध्ये नुसता 'ओवो' झाला. 'ओमेम', 'जार्दिम' यांतला नाकातला स्वर लॅटिनच्या या 'उम्'चा नव्हे. तो मूळच्या 'न'पासून आलेला आहे. म्हणजे पोर्तुगीजांनी आपल्या घरचा नपुंसकलिंगी 'म' केव्हाच हरवला होता. तो त्यांना पुन्हा भेटला तो पेडण्यात, आणि त्यांनी तो न ओळखता लिहून ठेवला.

केळें, सोनें, पेडणें

संस्कृतातून मराठीत येताना या प्रत्ययाने एक सोबती घेतला. बोलभाषेत नामांना 'क' लावण्याची प्रवृत्ती वाढली आणि 'अम्'च्या जागी 'अकम्' झाले. प्राकृतात मधला 'क' गळाला, 'अअं' उरले. अपभ्रंशात 'अउं' झाले. आणि त्यातून मराठी व कोंकणीचा 'एं' निपजला. सुवर्णापासून सोनें, कदलापासून केळें, अशी ही वाट आहे. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात आणि डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये कोंकणीच्या घडणीवरील ग्रंथात या स्थित्यंतरांची शास्त्रशुद्ध मांडणी केलेली आहे.

शेजारच्या भाषांशी तुलना केली म्हणजे या 'एं'ची किंमत कळते. आपण 'केळें' म्हणतो, गुजराती माणूस 'केळुं' म्हणतो, हिंदी भाषक 'केला' म्हणतो. हिंदीने नपुंसकलिंगच टाकून दिले, त्यामुळे तिच्याकडे हा अनुस्वार नाही. उत्तरेच्या आर्यकुळातील आजच्या प्रमुख भाषांत संस्कृतचे तिसरे लिंग मराठी, कोंकणी आणि गुजराती यांनीच जतन केले. गोव्यात मराठी आणि कोंकणी यांच्यामध्ये वाद पुष्कळ झाले. पण या प्रत्ययावर दोघींचा हक्क सारखाच आहे. वडिलोपार्जित भांडे दोन्ही बहिणींच्या घरी वापरात असावे, तसे हे आहे.

पेडणें, मांद्रें, कुडणें ही गावांची नावे याच घरातली. पुणें आणि ठाणें ही त्यांचीच सख्खी भावंडे. म्हणूनच आपण 'पुण्याला', 'ठाण्याला' म्हणतो तसेच 'पेडण्याला' म्हणतो. अलीकडे वृत्तपत्रांत 'पेडणेत' असा प्रयोग वाचायला मिळतो. 'पुणेत' असे मात्र कोणी लिहीत नाही. नावाचे लिंग विसरले गेले की त्याचे सामान्यरूपही विसरले जाते; अनुस्वारामागोमाग ही दुसरी झीज सुरू झाली आहे.

तेरेखोलच्या काठावर उभे राहिले की लेखणीचा प्रताप आणखी स्पष्ट दिसतो. नदीच्या या बाजूला तोर्से, उगवे. त्या बाजूला सिंधुदुर्गात सातार्डे, सातोसे, मडुरे, आणि थोडे पुढे वेंगुर्ले. प्रत्यय तोच, माणसे एकमेकांची सोयरी, बोलणेही सारखे. पण या बाजूच्या नावांना रोमन लिपीत पोर्तुगीज 'एम' मिळाला, आणि त्या बाजूला इंग्रज कारकुनाने 'सातार्डा', 'वेंगुर्ला' असा आकार लावला, जसा त्याने पुण्याचा 'पूना' केला. इंग्रज कानाला नाकातला स्वर टिपता आला नाही. या एका बाबतीत तरी पोर्तुगीज कान अधिक तयार होता असे म्हटले पाहिजे.

डिचोलीचा 'म' आणि मडगावची लाट

आता डिचोलीकर विचारतील, की आमच्या गावाचे काय? डिचोली, साखळी, नावेली यांच्याही रोमन नावांच्या शेवटी 'एम' आहे, पण तो 'ए'नंतर नसून 'ई'नंतर आहे. येथे सरसकट एकच उत्तर देता येत नाही. पणजीला कोंकणीत 'पणजें' म्हणतात. तेव्हा पोर्तुगीजांच्या 'पांजिम'मधला नाकातला स्वर खरा आहे. डिचोलीला मात्र मराठीत 'डिचोली' आणि कोंकणीत 'दिवचल' म्हणतात. दोहोंतही अखेरीस अनुस्वार नाही. येथे 'एम' आला तो लेखणीच्या सवयीने, असे मला वाटते. या सवयीचे पुरावे गोव्याबाहेरही आहेत. कोच्चीला पोर्तुगीजांनी 'कोचिम' लिहिले आणि इंग्रजांनी त्याचे 'कोचिन' केले. वसईला त्यांनी 'बासाइम' लिहिले आणि इंग्रजांनी 'बॅसीन' केले. कोच्ची आणि वसई या नावांत मुळात नाकातला स्वर नाही. ईकारान्त गावाला शेपूट हवेच, अशी जणू त्या कचेऱ्यांची रीत पडली होती. म्हणजे पेडण्याचा 'एम' हा वारसा आहे, डिचोलीचा 'एम' हा सरकारी पेहराव.

तिसरा प्रकार 'गांव' या उत्तरपदाचा. संस्कृत 'ग्राम'मधला 'म' दोन स्वरांच्या मध्ये सापडून नाकातला 'व' झाला आणि 'गांव' हा शब्द बनला. गुजरातीत अजून 'गाम'च आहे. पोर्तुगीजांनी हा नाकातला उच्चारही नेमका टिपला. 'गांव'साठी त्यांनी जी अक्षरे लिहिली त्यांतील 'आ'वर लाटेसारखी एक खूण काढली. तिला ते 'तील' म्हणतात. मडगांव, मुरगांव, कोरगांव, आणि डिचोली तालुक्यातील मुळगांव, शिरगांव, पिळगांव ही नावे अशी लिहिली जात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर कारभार इंग्रजीत आला. इंग्रजी टंकयंत्रावर ती लाट नव्हती. ती गळून पडली आणि बाहेरचा प्रवासी 'मारगाओ' वाचू लागला. एकाच नाकातल्या उच्चाराच्या दोन खुणा, आणि दोघींची गत वेगळी. लाट गेली ती कायमची. 'एम' राहिला, पण व्यंजन म्हणून वाचला जाऊ लागला.

लहानग्यांचे लिंग

नपुंसकलिंग म्हटले की निर्जीव वस्तू डोळ्यांपुढे येतात. पण हा प्रत्यय आपल्या भाषांनी फार वेगळ्या कामालाही लावला आहे. वासरूं, कोकरूं, पाखरूं, लेकरूं या जुन्या लेखनातील शब्दांकडे पाहावे. 'वत्सरूपम्'पासून वासरूं झाले. जे जे लहान, कोवळे, सांभाळायचे, ते ते मराठीने नपुंसकलिंगात ठेवले. मूलही नपुंसकलिंगीच.

आमच्या बोलीने तर एक पाऊल पुढे टाकले. पेडण्यात आणि मालवणी मुलखात 'चेडूं' म्हणजे मुलगी. गोव्यात घरातल्या लहान मुलीविषयी, अविवाहित तरुणीविषयीही 'तें' असे सर्वनाम वापरतात. बाहेरून आलेला एखादा तरुण डॉक्टर हे ऐकून बिचकतो. बाप म्हणतो, 'तें रातभर न्हिदूंक ना,' म्हणजे ते रात्रभर झोपलेले नाही. आणि डॉक्टरला वाटते, हा स्वतःच्या मुलीविषयी वस्तूसारखे का बोलतो? खरे तर त्या 'तें'मध्ये वासराची आणि पाखराची माया असते. ग्रीकांची रीतही अशीच होती. लहान मुलाला ते 'पाइदिओन' म्हणत, तेही नपुंसकलिंगी. 'बाक्तेरिओन' म्हणजे लहानशी काठी; तिच्यावरून आपल्या बॅक्टेरियमचे नाव पडले. जर्मन भाषेत मुलीला 'मेडशेन' म्हणतात, आणि लहानपणा दाखवणाऱ्या प्रत्ययामुळे तो शब्दही नपुंसकलिंगी आहे. इतक्या दूरच्या भाषांनी कोवळ्या जिवांसाठी हेच तिसरे घर निवडावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

टिंब कोठे गेले?

जुन्या मराठी पुस्तकांत 'केलें', 'सोनें', 'पुणें' असे सर्वत्र लिहिलेले दिसते. महाराष्ट्रात देशावर या अनुस्वाराचा उच्चार लोपला होता, आणि मुलांना केवळ पाठांतराने टिंबे द्यावी लागत. त्यामुळे मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम आले, तेव्हा उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकण्यात आले. देशावरच्या उच्चारासाठी तो निर्णय सोयीचा आणि सयुक्तिक होता. पण गोव्यात आणि दक्षिण कोकणात हा स्वर लोपलेला नव्हता. मराठी वाचणाऱ्या आमच्या पिढीने 'पेडणे' असे लिहायला शिकले आणि घरी 'पेडणें' ऐकले. कोंकणीच्या देवनागरी लेखनाने मात्र ते टिंब ठेवले.

देशावर तरी हा प्रत्यय कोठे पुसला गेला? तेथे बोलण्यात 'केलें'चे 'केलं' झाले, 'बरें'चे 'बरं' झाले. तेथे टिंब आहे, पण नाकात आवाज नाही. तो नुसता लांबवलेला 'अ' आहे. मालवणीत तेच 'बरां', कोंकणीत 'बरें', पुस्तकी मराठीत 'बरे'. रुग्णाला 'बरं आहे का?' असे विचारताना प्रत्येक डॉक्टर हा प्रत्यय आपापल्या गावच्या रीतीने दिवसातून पन्नास वेळा वापरतो.

केसपेपरवरचे गाव

या साऱ्याचा दवाखान्याशी संबंध काय? काही वर्षांपूर्वी मी उगवें गावच्या एका वृद्ध रुग्णाईत बाईंना पुढील तपासणीसाठी एका मोठ्या रुग्णालयात पाठवले होते. नोंदणीच्या खिडकीवरील तरुणाने पडद्यावर पाहून गाव विचारले : 'उगुएम?' बाईंनी ठामपणे मान हलवली, 'तो आमचो गांव न्हय.' त्याने पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा नाही म्हटले. शेवटी रांगेतील कोणी एकाने खुलासा केला आणि नोंद झाली. दोघांपैकी कोणाचीच चूक नव्हती. पोर्तुगीज लेखनात त्या नावातला दुसरा 'यू' मुका असतो आणि 'एम' नाकातला असतो, हे त्या तरुणाला कोणी सांगितलेले नव्हते. बाईंना आपले गाव आपल्या उच्चारात हवे होते, एवढेच. पण मला राहून राहून वाटते, की आजारी माणसाला आपले गावही ओळखीचे वाटू नये, ही काही लहान गोष्ट नव्हे.

गावाचे नाव ही रुग्णाच्या इतिहासातील पहिली ओळ असते. केरी नावाची गावे पेडण्यात, सत्तरीत आणि फोंड्यातही आहेत. नावेली डिचोलीतही आहे आणि साष्टीतही. रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना, साथीच्या रोगाची नोंद करताना, प्रयोगशाळेचा अहवाल घरी धाडताना एका नावाचा गोंधळ महागात पडू शकतो. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाल्यापासून पेडण्यात देशोदेशीची माणसे उतरतात, आणि भ्रमणध्वनीतील वाटाड्या त्यांना 'पेर्नेम'ला नेतो. बाहेरच्यांनी तसे म्हणावे. त्यांना किल्ली ठाऊक नाही. पण आपली मुलेही तसेच म्हणू लागली, तर उद्या मूळ उच्चार सांगणारे तोंडच उरणार नाही.

माझी मागणी पाट्या बदलण्याची नाही. रोमन लिपीतला 'एम' पुसून टाकावा असेही मी म्हणत नाही. उलट तो राहावा, कारण तो साक्षीदार आहे. प्रमाण मराठी लेखनात सोडून दिलेला उच्चार त्याने चुकून का होईना, जपला. माझे सहव्यावसायिकांना एवढेच सांगणे आहे, की केसपेपरवर गावाचे नाव लिहिताना संगणकाच्या यादीकडे पाहण्याआधी रुग्णाकडे कान द्यावा. रोमन नोंदीशेजारी देवनागरीत ते नाव, जमल्यास टिंबासह, लिहावे. तालुक्याचे नाव न विसरता जोडावे. यासाठी ना यंत्र लागते, ना अनुदान.

आणि समाजातील पालकांना विनंती अशी, की मुलांना 'एम'चे गुपित घरीच सांगावे. गावाच्या पाटीपुढे उभे करून म्हणावे, बाळा, हे अक्षर ओठांनी नव्हे, नाकाने वाचायचे. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला जेव्हा ते मूल 'स्टर्नम' हा शब्द ऐकेल, तेव्हा त्याला तो परका वाटू नये. छातीच्या हाडाच्या नावात आणि आपल्या गावाच्या नावात हजारो वर्षांमागचा एकच प्रत्यय आहे. तिकडे तो छापील पुस्तकात उरला आहे; इकडे, आपण ठरवले तर, बोलण्यात जिवंत राहील.